वाट पाहून पाय झाकावेत

आश्विनातली सकाळ होती. राजगडाच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीसमोर आम्ही सहा-सात जण बुटांच्या नाड्या आवळत उभे होतो. पाऊस नुकताच ओसरला होता आणि डोंगर असा हिरवागार की त्यात वाट कुठली आणि बांध कुठला हे ओळखू येऊ नये. माझी पुतणी मांडीच्या निम्म्यावर संपणारी अर्धी चड्डी घालून जागच्या जागी उड्या मारत अंग गरम करीत होती. टपरीवरच्या आजी बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिल्या आणि शेवटी न राहवून म्हणाल्या, "पोरी, रान लई माजलंय. उघड्या पायानं कुठं शिरतीस?"

पुतणी हसली. "आजी, पळायचंय आम्हाला. पायाला कापड आडवं आलं की पळता येत नाही."

आजी पुढे काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. खरे तर काका म्हणून बोलायला हवे होते. पण माझ्याही पायात अर्धी चड्डीच होती.

संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी डोंगरसोंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. तिथे गवत छातीला लागत होते. कारवीच्या खरखरीत पानांनी पोटऱ्या खवणीवर घासाव्यात तशा घासल्या. करवंदीच्या जाळीने आपला कर वसूल केला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा दोघांच्याही पायांवर लाल रेघांची रांगोळी होती. आंघोळीचे पाणी लागले तेव्हा जी आग झाली, तिच्यावर आम्ही दोघे हसलो आणि विषय संपला असे समजलो.

तो संपला नव्हता. दहाव्या दिवशी पुतणीला कडाडून ताप भरला. डोके असे दुखे की डोळे उघडवेनात. हवामानाचा ताप म्हणून गोळ्या झाल्या, पण ताप हटेना. चौथ्या दिवशी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतल्यावर एकच प्रश्न विचारला, "अलीकडे रानात, गवतात कुठे गेला होता का?" मग त्यांनी तिला पालथे झोपवून पाय पाहिले. उजव्या गुडघ्याच्या मागे, घडीत, सिगारेटचा चटका बसावा तशी एक लहानशी काळी खपली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षातच आली नव्हती. तो स्क्रब टायफस होता. योग्य औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला आणि घराने सुटकेचा श्वास सोडला. पण आजींचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. माजलेल्या रानात पळायचेच असेल तर पायात घालायचे काय?

रस्त्यावरून वाटेवर

पळण्याचे वेड आपल्याकडे आता नवे राहिलेले नाही. साताऱ्याची २०१२ साली सुरू झालेली डोंगरावरची अर्धमॅरेथॉन असो की गावोगावच्या दहा किलोमीटरच्या शर्यती, पहाटे उठून पळणारी माणसे आता प्रत्येक गल्लीत आहेत. त्यातली काही रस्त्याला कंटाळून डोंगराकडे वळतात. सिंहगड-राजगड-तोरणा या जुन्या पदभ्रमणाच्या वाटेवर आता पळण्याची स्पर्धाही होते. या प्रकाराला ही मंडळी ट्रेल रनिंग म्हणतात.

गोम अशी की, पळण्याबरोबर आपण पळण्याचा पोशाखही रस्त्यावरूनच उचलला. परदेशी मासिकांतल्या आणि आता मोबाईलवरच्या चित्रांत आल्प्सच्या स्वच्छ, खडीच्या वाटांवरून उघड्या पायांचे धावपटू पळताना दिसतात. त्यांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत असते ते घोट्याएवढे. आपली सह्याद्रीतली वाट वर्षातले तीन-चार महिने तरी तशी नसते. तेव्हा चड्डी त्यांची आणि रान आपले, असा हा बेबनाव आहे.

पाचशे आजारी धावपटूंची गोष्ट

पण उघडे पाय हा परदेशातलाही सार्वत्रिक रिवाज नाही. स्वीडनमध्ये ओरिएंटियरिंग नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, जंगलात ठरवून दिलेली ठिकाणे शोधत पळायचे. वाट सोडून सरळ झाडोऱ्यातून घुसावे लागते.

१९५७ ते १९६३ या काळात या खेळाडूंमध्ये काविळीची मोठी साथ पसरली. पाचशेहून अधिक जण आजारी पडले. ही कावीळ दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणारी नव्हती, तर रक्तातून पसरणारी होती. आज आपण तिला हेपॅटायटिस बी म्हणतो. तिचा विषाणू त्या वेळी ओळखताही आलेला नव्हता. तरुण, धडधाकट, रोज व्यायाम करणाऱ्या माणसांना रक्तातून पसरणारा आजार व्हावा कसा, हे कोडे होते. शोध घेणाऱ्यांची नजर शेवटी त्यांच्या पायांवर गेली. शर्यतीत पाय ओरखडून रक्ताळत. शर्यत संपल्यावर सगळे एकाच ठिकाणी, पुष्कळदा त्याच साठलेल्या पाण्यात, पाय धूत. एकाच्या पायाचे रक्त लागलेली काटकी मागून येणाऱ्याच्या पायाला ओरखडत असावी, असाही संशय होता. मग पाय पूर्ण झाकण्याचा नियम आला, धुण्याच्या जागा सुधारल्या आणि साथ ओसरली. पाय झाकण्याची ती चाल त्या खेळात पुढे देशोदेशी रुजली.

जगातले जे धावपटू खरोखर झाडोऱ्यातून पळतात, ते पाय झाकतात. आपले ऊसतोड कामगारही तेच करतात. उसाचे पाते कापते हे ठाऊक असल्याने फडात शिरणारी बाई भर उन्हात साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते. तिला हे कोणत्याही नियमावलीने शिकवलेले नाही.

आधी शत्रू ओळखावा

पायांसाठी काय घ्यावे हे दुकानात ठरत नाही, वाटेवर ठरते. रानातली प्रत्येक गोष्ट पायाला वेगळ्या रीतीने छळते आणि एकीवरचा उपाय दुसरीला चालत नाही.

पहिला प्रकार कापणारा आणि घासणारा. उंच गवताची पाती आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी यांत येते. यांना अडवायला अगदी पातळ कापडही पुरते.

दुसरा प्रकार टोचणारा आणि ओढणारा. करवंदीचे काटे सरळ असतात, ते टोचून सोडून देतात. चिलारीचे काटे आकड्यासारखे मागे वळलेले असतात. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली, पण आता आपल्या प्रत्येक डोंगरउतारावर ठाण मांडून बसलेली. तिच्या खोडावरही असेच बारीक आकडे असतात. चिलारीत अडकल्यावर पुढे जोर लावला की कापडही फाटते आणि कातडीही. थांबून, एक पाऊल मागे येऊन, आकडा सोडवावा लागतो. इथे कापड जाड आणि घट्ट विणीचे हवे.

तिसरा प्रकार चिकटणारा. मंगळागौरीच्या पत्रीत आपण ज्याला मान देतो तो आघाडा रानात कपड्यांना लोंबकळत घरापर्यंत येतो. पण खरा कारस्थानी कुसळी गवताचा. त्याच्या बीला सुईसारखे टोक असते, त्यावर मागे वळलेले केस असतात आणि वर पिळलेली लांब शेपटी. ही शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पुन्हा पिळते. जमिनीत बी रुजवण्यासाठी निसर्गाने केलेले हे गिरमिटच आहे. ते मोज्यात शिरले की घामाची ओल मिळते आणि गिरमिट कातडीच्या दिशेने कामाला लागते.

चौथी खाजकुहिली. थंडीत तिच्या शेंगा पिकतात आणि त्यांवरची सोनेरी लव वाऱ्यावरही उडते. ती लागली की माणूस पळायचे विसरून नाचू लागतो. चोळणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. चिकटपट्टी लावून ती अलगद उपटावी आणि मग साबणाने धुवावे.

कापडाचे गुण-दोष

आता कपड्यांकडे वळू. जीन्स मजबूत खरी, पण भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि पळताना मांड्या सोलवटून काढते. साधी सुती विजार थोड्याफार फरकाने त्याच जातीची. रानातून चालायला ती चांगली, पण पळायला नव्हे.

दुसरी निवड अंगाला घट्ट बसणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या विजारीची. दुकानात तिला टाइट्स म्हणतात. पळताना ती आड येत नाही, गवताच्या पात्यांपासून पुरते संरक्षण देते आणि कातडी झाकली गेल्याने बारीक किड्यांना थारा कमी मिळतो. पण ती विणकामाच्या सुयांनी विणतात तशा फाशांच्या विणीची असते. तिच्या फाशांत कुसळे शिरतात, खाजकुहिलीची लव रुतते आणि चिलारीच्या आकड्याने धागा ओढला गेला की विजारीला शिडी पडते.

तिसरी निवड नायलॉनच्या, ताण्याबाण्यात घट्ट विणलेल्या सैलसर विजारीची. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने कुसळ त्यावर टिकत नाही, घसरून पडते. वजनाला हलकी, वाळायला झटपट. मात्र फार सैल घेतली तर प्रत्येक काट्याला धरायला पदर मिळतो आणि फार पातळ घेतली तर पहिल्याच करवंदीत तिचा निकाल लागतो. गुडघ्यापाशी थोडी ऐसपैस आणि घोट्यापाशी निमुळती अशी शिवण सर्वांत सोयीची.

दुकानात विजार घालून आरशासमोर उभे राहू नये, उकिडवे बसावे. मग एक पाय खुर्चीवर ठेवून पाहावा. गुडघ्यावर कापड ताणले गेले किंवा विजार घोट्यावरून वीतभर वर सरकली, तर डोंगराच्या चढावर ती तुम्हाला पावलोपावली त्रास देणार. कापड उजेडासमोर धरावे. पलीकडचे लख्ख दिसत असेल तर काटाही त्यातून तितक्याच सहज येईल. रंग फिका घ्यावा. मळतो हे खरे, पण फिक्या कापडावर चढणारी गोचीड दिसते, काळ्यावर दिसत नाही.

पोटरीवरचे चिलखत

रानाचा सगळ्यांत जास्त मार घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बसतो. म्हणून पुष्कळ अनुभवी धावपटू संपूर्ण पाय जाड कापडात कोंडण्यापेक्षा पातळ विजार आणि त्यावर पोटरीचे वेगळे आच्छादन असा दुहेरी बेत करतात. घाम कमी आणि संरक्षण जिथे हवे तिथे.

यातला सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा उपाय म्हणजे फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे. टाइट्सवर ते चढवले की काट्यांना दोन थर ओलांडावे लागतात. काट्याचे रान फारच असेल तर त्यांत फुटबॉलच्याच नडगीच्या ढाली सरकवता येतात. ओरिएंटियरिंगवाल्यांचे लांब मोजे याच धर्तीचे असतात. त्यांच्या पुढच्या बाजूला काटा न शिरणारा जाड थर असतो. ट्रेकर मंडळी वापरतात ते उंच गेटर चिखल आणि काटे दोन्ही अडवतात, पण आपल्या उकाड्यात पळताना ते नकोसे होतात. घोट्यापुरते आखूड गेटर मात्र फार कामाचे. बुटाच्या तोंडावर ते बसले की खडे, माती आणि कुसळे आत शिरत नाहीत.

यात नवे फारसे काही नाही. जुन्या छायाचित्रांतल्या हवालदाराच्या पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या आठवा. इंग्रजांच्या फौजेने ही चाल इथूनच उचलली आणि इंग्रजी भाषेने 'पट्टी' हा शब्दही. त्या पट्ट्या पहिल्या महायुद्धात युरोपच्या खंदकांपर्यंत पोहोचल्या. तिथे साचलेल्या पाण्यात त्या आवळत आणि पायांचे हाल होत. धडा आपल्यालाही लागू आहे. पोटरीवर जे काही घालाल ते बसते असावे, आवळणारे नसावे. काढल्यावर कातडीवर खोल वण दिसला तर ते माप आपले नव्हे.

न दिसणारे आणि न दिसलेले

काट्यांची जखम दिसते तरी. स्क्रब टायफस पसरवणारा चिगर हा एका कोळीवर्गीय किड्याचा अर्भकावस्थेतला जीव. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवताच्या झुपक्यांवर तो जाणाऱ्या-येणाऱ्या प्राण्याची वाट पाहत बसतो आणि काखा, कंबर, जांघ, गुडघ्याची घडी अशा झाकल्या-दुमडल्या जागा शोधतो. चावल्यावर साधारण सहा ते एकवीस दिवसांत ताप येतो. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने तो बरा होतो. ओळखला नाही तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांपर्यंत मजल जाते. विदर्भात २०१८ साली याच आजाराने बळी घेतले होते. म्हणून रानातून आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना न विचारता सांगावे की आम्ही गवतात गेलो होतो.

थंडी सरून उन्हाळा येतो तेव्हा पाळी गोचिडींची. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप त्यांच्यामार्फत पसरतो. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. त्या पट्ट्यात पळणाऱ्यांनी विजारीची टोके मोज्यात खोचलीच पाहिजेत. दिसायला गबाळे दिसते, पण गोचिडीला आत शिरायची फट राहत नाही. कीटक पळवणारे डीटयुक्त मलम लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे की ते ताणल्या जाणाऱ्या कापडाचे नुकसान करते. कोयना, चांदोली, आंबोलीकडच्या जळवा साध्या मोज्याच्या विणीतूनही अंग चोरून आत शिरतात. त्यांच्यासाठी घट्ट विणलेल्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे खास मोजे मिळतात.

राहता राहिला साप. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिथल्या खुळखुळ्या सापांना पायासारख्या नमुन्यांवर दंश करू दिला. नमुन्यावर जीन्सचे कापड असताना आत शिरलेले विष निम्म्याहून कमी भरले. म्हणजे कापडाचा थोडाफार उपयोग आहे. पण साप आपले, प्रयोग तिकडचा. घोणस किंवा फुरसे यांच्यापुढे टाइट्सवर विसंबू नये. जिथे पाऊल कुठे पडते ते दिसत नाही, तिथे पळायचेच नाही, चालायचे. हातातल्या काठीने गवत हलवत चालायचे. हा नियम कोणत्याही विजारीपेक्षा भरवशाचा आहे.

घरी आल्यावर

पोशाखाचे निम्मे काम घरी होते. रानातले कपडे पलंगावर टाकू नयेत, घरच्या धुण्यात मिसळू नयेत. दाराबाहेर झटकून, गरम पाण्यात वेगळे धुवावेत. साबण लावून आंघोळ करावी आणि गुडघ्यांमागे, कमरेच्या पट्ट्याखाली नीट पाहावे. स्वतःला दिसत नाही ते घरच्या माणसाला दाखवावे. ओरखडे साबणाने धुवावेत आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवावे. आम्ही त्या दिवशी यांतले काहीच केले नव्हते.

पाय झाकले की उकडते हे खरेच आहे. त्याला तोड म्हणजे पहाटे लवकर निघणे, पाणी जास्त नेणे आणि वेगाचा हट्ट सोडणे. आणि वाट बंदच झाली असेल तर महिनाभर थांबणे. दिवाळीनंतर गावकरी गवत कापतात, गुरांच्या पायांनी वाट पुन्हा उघडते. मग तीच सोंड आखूड गेटर आणि साध्या विजारीवर सुखाने पळता येते.

पुतणी पुन्हा पळू लागली त्याला आता बरेच महिने झाले. मध्यंतरी आम्ही त्याच टपरीसमोर उभे होतो. तिच्या पायात फिक्या करड्या रंगाची विजार होती आणि तीवर गुडघ्यापर्यंत ओढलेले पिवळे फुटबॉलचे मोजे. आजींनी तिला खालून वर न्याहाळले.

"आता बरी दिसतीस," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "आन् तुमी?"

मी मुकाट्याने पिशवीतून माझे मोजे काढले आणि बाकावर बसून पायात चढवू लागलो.